माहेरचं देणं

डेपोतले लोक त्याला पहिलवान म्हणत. कुस्ती तो आयुष्यात कधी खेळला नव्हता. तरुणपणी व्यायामशाळेत जाऊन त्याने दंड कमावले होते, आणि पन्नाशी उलटली तरी शर्टाच्या बाह्या वर सरकवून स्टिअरिंग धरायची सवय सुटली नव्हती. कारखान्याच्या कामगारांची बस तो चालवायचा. सकाळची पाळी नेऊन सोडायची, दुपारी सुटलेली घरी आणायची. आजारपणाची रजा त्याने कधी घेतली नव्हती, आणि हे तो कोणी न विचारताही सांगायचा.

त्यामुळे हाताला पहिले फोड आले तेव्हा त्याने ते मनावर घेतलं नाही. खिडकीच्या बाजूचा हात होता. तळव्याच्या मागच्या अंगाला, बोटांच्या मुळाशी, पाण्याने भरलेले वाटाण्याएवढे फोड.

"बॉनेटला भाजलं असेल," बायको म्हणाली.

"बॉनेट दुसऱ्या बाजूला असतं गं."

"मग मला काय माहीत तुमच्या गाडीतलं? बर्नॉल लावा."

त्याने लावलं. फोड फुटले, खपली धरली, खपली पडल्यावर तिथे मोहरीएवढे पांढरे दाणे राहिले. तोवर शेजारी नवे फोड आलेले. मग कातडीच नाजूक झाली. डब्याच्या पिशवीचा बंद घासला तरी सालपट निघायचं. एकदा खिशातून किल्ली काढताना खिशाच्या शिवणीने बोटाची कातडी सोलली आणि किल्लीला रक्त लागलं. दुसऱ्या हातावरही तेच सुरू झालं. मागच्या सीटवर कुजबुज सुरू झाली. महारोग असेल, असं कोणीतरी म्हणालं. बसच्या पायऱ्यांजवळच्या दांडीला, जिथे तो हात लावायचा, तिथे लोक रुमालाने धरू लागले. शेवटी डेपोतल्या साहेबाने बोलावून सांगितलं, "पहिलवान, राग मानू नकोस. डॉक्टरची चिठ्ठी आण, मग गाडीवर ये."

कातडीच्या डॉक्टर वयस्कर बाई होत्या, बोलायला कमी. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले, मग त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"गालाच्या हाडावर हे केस केव्हापासून?"

त्याला वाटलं होतं, वयाने येतात. "असतील वर्षभर."

"लघवी कशा रंगाची होते?"

त्याने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "कडक चहासारखी."

"दारू?"

"थेंबही नाही."

"खरं सांगा."

"अहो डॉक्टर," बायको मध्येच म्हणाली, "ह्यांनी सोडावॉटरसुद्धा कधी मजेनं प्यायलेलं नाही. आम्ही कपाळकरंटे, पण दारुडे नाही."

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

पुढच्या खेपेला त्यांनी दोघांना नीट बसवून सांगितलं. लिव्हरमध्ये विषाणू आहे, हेपटायटिस सी. आजचा नाही, पंचवीस-तीस वर्षं मुक्काम ठोकून आहे. लिव्हर बिघडलं की काही जणांच्या रक्तात एक द्रव्य साचतं, कातडीत उतरतं, आणि त्यावर ऊन पडलं की कातडी आतून जळते. "तुमचे हात रोज उन्हात काचेमागे. म्हणून तिथे फोड."

"पण आला कुठून?"

"सुईतून, बहुतेक. दुसऱ्याला टोचलेली सुई तुम्हाला टोचली असेल. आठवून बघा."

आठवायला वेळ लागला नाही. व्यायामशाळेतला वस्ताद एका स्टीलच्या डबीत सिरिंज ठेवायचा. आठवड्यातून एकदा ताकदीचं इंजेक्शन. पोरं बाही वर करून रांगेत उभी राहायची, वस्ताद एकेकाला टोचायचा आणि मध्ये सुई कापसाने पुसायचा. डबी उकळायचा, पण ते व्यायामशाळा झाडायच्या आधी, आणि झाडणं कधीमधीच. त्याला त्या वेळी त्या रांगेत पुढे उभं राहण्याचा केवढा अभिमान होता! दंड फुगले ते त्याच महिन्यांत. दंडांचं कौतुक करणाऱ्यांना त्याने इंजेक्शनांचं कधी सांगितलं नव्हतं.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "आता याच्यावर गोळ्या आहेत, तीन महिने घ्यायच्या. विषाणू जातो. हातांसाठी मात्र मधूनमधून थोडं रक्त काढावं लागेल, अंगातलं लोह कमी करायला. दान म्हणून नाही हं. ते रक्त फेकूनच द्यायचं, कोणाला चालणार नाही."

"माझं रक्त चालणार नाही?" त्याला तो अपमान वाटला. "अहो, माझ्या रक्तावर माझी बहीण जगली आहे."

हे वाक्य त्याच्या तोंडी इतकं बसलेलं होतं की ते आपोआप बाहेर आलं. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं होतं.

"कधी दिलं होतं?"

"तिच्या बाळंतपणात. मूल झालं आणि रक्त थांबेना. लहानसं हॉस्पिटल होतं, रक्ताची बाटली मिळेना. माझा गट जुळला." तो थांबला. "तिचा मुलगा आता नोकरीला आहे."

"व्यायामशाळा त्याच्या आधीची?"

"हो."

"बहिणीची तब्येत कशी आहे?"

"ठीक आहे. म्हणजे, तिला खाज येते."

खरं तर ती खाज म्हणजे दोन्ही घरांतली जुनी चेष्टा होती. बहीण माहेरी बबी. नवऱ्याची बेकरी, दर्शनी दुकान आणि मागे भट्टी. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती गल्ल्यावर बसायची, हसऱ्या तोंडाची म्हणून गिऱ्हाइकं तिच्याकडूनच ब्रेड मागायची. मग मनगटांवर, नडग्यांवर जांभळट चपटे चट्टे उठू लागले, आणि खाज अशी की बोलता बोलता तिचा हात तिकडे जायचा. पाव बांधून देणारी बाई खाजवतेय, हे दिसायला बरं नाही म्हणून नवऱ्याने तिला मागे भट्टीपाशी पाठवलं. तिथल्या उष्णतेत खाज दुपटीने वाढली. साबण बदलून झाला, पीठ चाळायची चाळण बदलून झाली, मलमांच्या नळ्यांनी फडताळ भरलं. पुढे तोंडही सोलल्यासारखं झालं. तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी. ती स्वतःपुरतं बिनतिखटाचं वेगळं काढू लागली, तर सासू म्हणाली, नखरे. दिराने तिचं नाव खाजकुइली ठेवलं, आणि ते घरात, दुकानात, नोकरांतही रुळलं. शेवटी नवऱ्याने तिला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. तिथल्या गोळ्या ती कित्येक वर्षं घेत होती.

यातलं जेवढं सांगता आलं तेवढं पहिलवानाने सांगितलं. सांगताना ते त्यालाही वेगळंच ऐकू येत होतं.

"बहिणीला याच आठवड्यात घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या. "आणि बाई, तुमचंही रक्त तपासू. शक्यता कमी आहे, पण पाहून ठेवू."

बायकोची तपासणी दुसऱ्याच दिवशी झाली. ती निर्दोष निघाली. बहिणीला मात्र तो आठवडा गेला, दुसरा गेला, तरी फोन गेला नाही.

"आत्ताच नको," बायको म्हणत होती. "आधी तुम्ही बरे व्हा. तुमचे दाजी म्हणजे कसले आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. डेपोच्या फाटकात उभे राहून ओरडतील. विषाणू म्हटलं की साहेब तुम्हाला गाडीवर ठेवेल का? आणि ती बिचारी इतकी वर्षं सोसतेय, आणखी थोडे दिवस. तुम्ही बरे झालात की जाऊन सांगू, बघ बाई, असं असं होतं, गोळ्यांनी जातं. तिलाही धीर येईल."

बायको भ्यायलेली होती, आणि भ्यायलेलं माणूस बोलतं तशी ती बोलत होती. पण पहिलवानाला ते बोलणं हवंच होतं. त्याच्या आयुष्यात अभिमानाने सांगावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ती रक्ताची बाटली. नात्यात कुठेही चार माणसं जमली की कोणीतरी ती काढायचं आणि बबी त्याच्याकडे बघून डोळे पुसायची. ती गोष्ट आपल्याच तोंडाने मोडायची म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच ठाऊक. साहेबाला त्याने उन्हाची ॲलर्जी असल्याची चिठ्ठी दिली. हातमोजे घालून तो गाडी चालवू लागला, आणि गोळ्या सुरू झाल्या.

अशात एका दुपारी बबीच घरी आली. पिशवीत ताजा ब्रेड, आणि भावासाठी त्याला आवडणारी कडक भाजलेली बिस्किटं. दार उघडल्याबरोबर तिचं लक्ष त्याच्या बांधलेल्या हाताकडे गेलं.

"दादा, हे काय झालं?"

"काही नाही गं. रेडिएटरचं गरम पाणी उडालं."

"दाखव."

"अगं, राहू दे."

"दाखव म्हणते ना!" तिने त्याला खुर्चीत बसवलं, पट्टी सोडवली आणि तोंडाने च्च च्च करत राहिली. "किती दिवस झाले? आणि वहिनी, तुम्ही हे असं कोरड्या कापडाने बांधलंत? चिकटतं ते जखमेला." तिने पर्समधून दोन नळ्या काढल्या. "मलमांत माझ्यासारखी हुशार बाई तुला शोधून सापडणार नाही. ही थंड पडते. ही चुरचुरते, पण मागाहून बरं वाटतं. आधी थंड लावू."

ती फुंकर घालत, एका बोटाने, अगदी हलक्या हाताने मलम लावत होती. तिच्या बांगड्यांच्या वर मनगटावरचे चट्टे त्याच्या नाकासमोर होते, जांभळे, चकचकीत, कडेला खाजवून काळे पडलेले. मलम लावता लावताही तिने मध्येच कोपर फ्रॉकमधल्या पोरीसारखं कमरेला घासलं आणि स्वतःच हसली.

"खाजकुइलीला कुठे बसवत नाही," ती म्हणाली.

चहाबरोबर बिस्किट घे म्हटलं तर तिला नको होतं, तोंडाला टोचतं म्हणून. तिने गार दूध घेतलं, घोटघोट. डोक्याच्या डॉक्टरने गोळी वाढवली आहे, दिवसभर झोप येते, परवा पावांचा ट्रे हातातून पडला, ह्यांनी नोकरांसमोर काय वाटेल ते बोलून घेतलं, असं ती सांगत होती, पण दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

"आता ह्यांनी कोणाकडून तरी भुकटी आणली आहे. रक्त शुद्ध करते म्हणे. सकाळ-संध्याकाळ चमचाभर. कडूजहर आहे रे नुसती. पोटात ढवळतं. घेऊ का नको?"

बायकोने पहिलवानाकडे पाहिलं. तो आपल्या हातावरच्या मलमाकडे बघत होता. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. ओठांपर्यंत आलं. तोच बबी म्हणाली, "तू सांगशील तसं करते."

"घेऊन बघ," तो म्हणाला.

तिने नळ्या तिथेच ठेवल्या. आधी कोणती, मग कोणती लावायची ते पुन्हा एकदा वहिनीला समजावलं आणि ती गेली.

त्यानंतर हॉस्पिटलात रक्त काढायला गेला की बाटली भरेपर्यंत तो छताकडे बघायचा. नर्स ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायची. डॉक्टर दर वेळी विचारायच्या, "बहीण?" पहिल्या वेळी तो म्हणाला, ती परगावी गेली आहे. दुसऱ्या वेळी म्हणाला, येते म्हणाली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे बघा, तुमच्या बहिणीचा पत्ता मला माहीत नाही आणि मी तिच्या दारात जाऊन उभी राहू शकत नाही. हे तुम्हीच सांगायचं आहे. तुम्ही सांगितलेलं नाही, हे मला कळतंय."

तो मान खाली घालून बाहेर आला. त्या दिवशीही तो बेकरीकडे गेला नाही.

गोळ्या संपल्या. फोड थांबले. कातडी घट्ट झाली. गोळ्या संपल्यावर आणखी काही आठवडे थांबून शेवटचं रक्त तपासलं, विषाणू सापडला नाही. डेपोत त्याने हातमोजे काढून कचऱ्यात टाकले, तेव्हा दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. आता त्याच्याजवळ कारण उरलं नव्हतं. दुपारच्या पाळीचे कामगार घरी सोडून तो तसाच बेकरीत गेला.

गल्ल्यावर दाजी होते. "या पहिलवान," म्हणाले, "आत आहे तुमची बहीण. झोपली नसेल तर भेटेल."

बबी भट्टीच्या खोलीत रिकामे ट्रे खरवडत होती. बल्ब पिवळा होता, त्यामुळे त्याला आधी कळलं नाही. ती खिडकीपाशी आली तेव्हा दिसलं, डोळ्यांतलं पांढरं पार हळदीसारखं झालेलं. गाल बसलेले, आणि पोट मात्र सुटल्यासारखं.

"बबे, हे कधीपासून?"

"झाले काही दिवस. भुकटी लागू पडली की आधी घाण बाहेर येते, असं तो भुकटीवाला म्हणतो." तिने ट्रे ठेवला. "तू कसा काय अवेळी?"

त्याने घरून वाक्य जुळवून आणलं होतं. ते विसरला.

"तुझी खाज डोक्यातली नाही," तो म्हणाला.

"मग कुठली?"

"लिव्हरची. तिथे विषाणू असतो, त्याने कातडीला असं होतं. तो रक्तातून येतो. माझ्यात होता. मी तुला दिलेल्या बाटलीतून तुझ्यात आला."

ती मैद्याच्या पोत्यावर बसली. "परत सांग."

त्याने परत सांगितलं. या खेपेला व्यायामशाळा, वस्ताद, सुई, सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण बाटलीचं, सुईचं तिने काहीच विचारलं नाही.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे."

"मुळातच ठीक होतं?"

"हो गं."

बबी हसू लागली. तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सोडून हसली. उठून दाराशी गेली आणि भर दुकानात ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, जरा इकडे या. दादा काय म्हणतो ते ऐका. मी वेडी नाहीये."

दाजी हात पुसत आत आले. पहिलवानाला तिसऱ्यांदा सांगावं लागलं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "म्हणजे हे तुझ्या माहेरचंच देणं. आणि आजवर तुझी आई मला ऐकवत आली, की माझ्या भट्टीनं तिच्या पोरीचं वाटोळं केलं."

बबीचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

"माझीपण तपासणी करावी लागेल का?" दाजींनी विचारलं.

"करून घ्या. पण ते हात लावल्याने, जेवणातून वगैरे पसरत नाही, दाजी."

"ते गिऱ्हाइकाला तुम्ही समजावणार का, दारात उभे राहून?" आणि बबीला म्हणाले, "ते ट्रे राहू देत. आजपासून मालाला हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी पहिलवानाने तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बबीचं तोंड उघडायला लावलं, गालाच्या आतून पांढऱ्या जाळीसारखं काही होतं ते बॅटरीने पाहिलं. मनगटं पाहिली, नडग्या पाहिल्या. "याला लायकेन प्लेनस म्हणतात," त्या म्हणाल्या. "या विषाणूबरोबर अनेकदा दिसतं. कोणीतरी पूर्वीच रक्त तपासायला हवं होतं तुमचं." मग त्यांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, पोटावर बोटांनी ठोकलं आणि त्यांचा आवाज बदलला. "काय औषधं घेता?"

बबीने गोळ्या सांगितल्या आणि भुकटीची पुडी दाखवली. डॉक्टरांनी ती हुंगून बाजूला ठेवली.

"ही केव्हापासून?"

बबी आठवू लागली. "दादाच्या हाताला भाजलं होतं ना, त्या सुमारास."

"भाजलं होतं?" डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "नाही हो. त्याच फोडांवरून तर यांचा आजार कळला. तेव्हाच तर मी यांना म्हटलं, बहिणीला आणा."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी घाईने कागद ओढून तपासण्या लिहायला घेतल्या.

बाहेर बाकावर दोघं बसली. समोरून एक वॉर्डबॉय चाकाची रिकामी खुर्ची ढकलत गेला. बबी त्या खुर्चीकडे बघत होती. तिने विचारलं, "वहिनींची तपासणी झाली?"

"हो."

"काही निघालं?"

"नाही."

"बरं झालं." मग म्हणाली, "कधी झाली?"

तो हातावरचे पांढरे दाणे चाचपू लागला.

"तेव्हाच ना? त्याच आठवड्यात?"

"दुसऱ्या दिवशी."

तिने मान हलवली. मनगट खाजवायला हात गेला, तो तिने अर्ध्यातच थांबवला आणि मांडीवर ठेवला.

"माझ्या हातून मलम लावून घेतलंस," ती म्हणाली. "आणि मी विचारलं तर म्हणालास, घेऊन बघ."

"बबे, मला वाटलं आधी..."

"नको सांगूस."

इतकंच. ती ओरडली असती, त्याच्या अंगावर धावून गेली असती तर त्याला पुढे काही करता आलं असतं. तिचा नंबर पुकारला. तो उठायला लागला, तेव्हा हातानेच तिने त्याला बसायला सांगितलं आणि एकटी आत गेली.

लिव्हर आकसलेलं, निबर झालेलं निघालं. तिला दाखल करून घेतलं. भुकटी बंद झाल्यावर हळूहळू डोळे निवळले, पोटातलं पाणी उतरलं, मग विषाणूच्या गोळ्या सुरू झाल्या. मुलगा रजा काढून आला. आजाराचं सगळं त्याने नीट समजून घेतलं आणि मामाशी अदबीने, कामापुरतं बोलू लागला. दाजींची तपासणी निर्दोष आली. मग त्यांनी दवाखान्यात येणं कमी केलं.

एकदा पहिलवान एकटाच डॉक्टरांकडे गेला. "मी तेव्हाच आणलं असतं तर फरक पडला असता का?"

"विषाणूनं जे केलं ते इतक्या वर्षांत केलं. त्यात काही महिन्यांनी फार फरक पडला नसता," त्या म्हणाल्या. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "भुकटीनं किती केलं, ते मला सांगता येत नाही. ती घेतली नसती तर बरं झालं असतं, एवढं खरं." तो उठला तशा म्हणाल्या, "आणि तेवढे महिने त्या बाईला शांत झोप लागली असती. आपण वेडे नाही, हे कळून."

गोळ्या लागू पडल्या. विषाणू गेला. खाज एका दिवसात गेली नाही, पण कमी कमी होत गेली, आणि एका सकाळी उठल्यावर बबीच्या लक्षात आलं की रात्रभर आपल्याला जाग आली नाही. तोंडातली आग गेली. चट्ट्यांच्या जागी तपकिरी डाग राहिले, ते राहणारच होते. डोक्याच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू उतरवल्या. लिव्हर मात्र पहिल्यासारखं होणार नाही, असं सांगितलं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. कधी काही उगवलं तर वेळेवर कळायला हवं.

घरी गेल्यावर बबीने एक गोष्ट मागितली, गल्ला. दाजी म्हणाले, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, मग मी मुलाकडे जाते, दुकान तुम्ही आणि तुमचा भाऊ सांभाळा. मुलगा तिथेच उभा होता. दाजींनी खुर्ची रिकामी केली. खाजकुइली हे नाव पुन्हा कोणी घेतलं नाही. चुकलं, असंही कोणी म्हणालं नाही. दीर तिला वहिनी म्हणू लागला, जणू कायम तेच म्हणत आला होता.

पहिलवानाची बायको दोनदा जाऊन रडून आली. "माझ्यामुळे झालं, मीच थांबवलं त्यांना," असं तिने सांगितलं. बबीने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही परक्या घरातून आलेल्या. तुमचं काय चुकलं?"

पहिलवान गेला तेव्हा दुकानात गर्दी होती. तो कडेला उभा राहिला. गिऱ्हाइकं सरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही कधी आलात?"

त्याला वाटलं, मागे कोणी उभं आहे. त्याने वळून पाहिलंसुद्धा.

"बसा ना," ती म्हणाली. "चहा घेणार का तुम्ही?"

लहानपणी त्याच्या पाठीवर बसून घरभर फिरलेली बहीण त्याला अहो-जाहो करत होती. शांतपणे, आदराने, थोरल्या भावाशी पुष्कळ घरांत बोलतात तसं. तक्रार करायला त्यात जागाच नव्हती. "बबे, असं बोलू नकोस गं," तो म्हणाला. "कसं?" तिने विचारलं आणि आलेल्या गिऱ्हाइकाचे पाव मोजायला घेतले.

सोनोग्राफीला तो सोबत येतो म्हणाला, तर ती म्हणाली, मुलगा येतो, तुमची पाळी बुडेल. पहिल्या सोनोग्राफीच्या दिवशी पहिलवान डेपोत बस धुऊन घेत होता, तेव्हा फोन वाजला. मागे हॉस्पिटलातला गलबला ऐकू येत होता. ती अजून दारातच असावी.

"रिपोर्ट हातात आलाय," बबी म्हणाली. "काही नवीन नाही. आत्ताच कळलं, म्हणून लगेच तुम्हाला कळवलं."

"बरं झालं गं. तू कशी..."

"ठेवते," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तो फोन येतो. रिपोर्ट मिळाल्या मिळाल्या, एक मिनिटही न दवडता येतो. त्या दिवशी पहिलवान सकाळपासून फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो आणि गाडी हळू चालवतो.